दोन थाऊ

पुंगळीवर रेघ होती. लिनेटच्या डोळ्यांना ती दिसली नाही, नखाला लागली. एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करण्यात गेल्यामुळे तिच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. गुरुवारी दवाखाना बंद असे, आणि गुरुवारची सकाळ ती तळघरातल्या बाकड्यापाशी घालवत असे. नेमबाजीच्या क्लबात झाडून रिकाम्या झालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या, म्हणजे पुढच्या आठवड्याच्या नेमबाजीची सोय. बार झाला की पुंगळीचं पितळ फुगतं. ते प्रेसच्या दांड्यानं डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून परत आवळायचं, मगच त्यात नवी गोळी धरून राहते. हजारो वेळा केलेलं काम. पण आज आवळून निघालेली पुंगळी टोपलीत टाकता टाकता तिच्या नखाला काहीतरी अडलं आणि तिनं हात मागे घेतला. उभी, केसाएवढी रेघ. दुसरी पुंगळी पाहिली, तिच्यावरही. तिसरीवरही. एखाद्या पेशंटच्या दातावर अशी रेघ लागली असती तर तिला वाईट वाटलं असतं. इथे मात्र आत काहीतरी जागं झालं, आणि स्वतःशी खरं बोलायचं तर तिला बरं वाटलं. महिना-दोन महिन्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट तिला माहीत नव्हती.

मातीचा कण असेल, असं तिला आधी वाटलं. पुंगळ्या नीट धुतल्या नाहीत की असं होतं. तिनं एक लखलखीत पुंगळी घेतली, कपड्यानं पुसली, आवळली. रेघ आली. मग तिनं एक गंमत केली. पुंगळीच्या बुडाला पेनानं खूण केली आणि ती पाव वळसा फिरवून घातली. रेघ पुन्हा तिथेच, खिडकीच्या बाजूला. पुंगळी कशीही फिरवा, रेघ आपली खिडकीकडे. मग तिनं डायच थोडी फिरवून बसवली, तर रेघ भिंतीकडे गेली. म्हणजे दोष पुंगळीत नव्हता, डायमध्ये होता. डाय काढून, सॉल्व्हंटनं धुऊन, तिनं दवाखान्यातून आणलेली जुनी सळई आत फिरवली, दातातली कीड शोधायची, वाकड्या टोकाची. डायच्या तोंडाशी कार्बाईडचं कडं असतं, काचेसारखं कठीण आणि काचेसारखंच ठिसूळ. एका जागी सळई हलकेच अडली. कड्याला तडा गेला होता. कधी गेला? एखादा खडा आत गेला असेल, एखादी पुंगळी तिरकी बसली असेल, आणि तिनं दांडा न बघता ओढला असेल. न बघता. अलीकडे ती बरंच काही न बघता करत होती. वसंतात वडिलांचं घर रिकामं केलं, ते वृद्धाश्रमात गेले, तेव्हापासून हात आपले चालत राहायचे आणि ती कुठेतरी दुसरीकडे असायची.

नवी डाय यायला आठवडा लागणार होता. तेव्हा तिला वडिलांच्या गॅरेजमधून आणलेला खोका आठवला. वडिलांचं नेमबाजीचं सगळं सामान कायम तळघरात, खिळ्याखिळ्यावर लावलेलं असे. मग हा एक खोका गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे का होता हे तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण त्या दिवशी मनात येऊन जाणाऱ्या गोष्टी फार होत्या. खोक्यात पोलादाची जुनी डाय होती, तेलकट कागदात गुंडाळलेली, आणि शिशाच्या गोळ्यांनी भरलेला एक चपटा डबा. तिनं डाय प्रेसवर चढवली आणि पहिल्याच पुंगळीला दांडा अर्ध्यात घट्ट बसला. जोर लावला तर पुंगळीची कड फाटली आणि पुंगळी आतच राहिली. कार्बाईडला वंगण लागत नाही. चाळीस वर्षं ती कार्बाईड वापरत होती. पोलादाला वंगण लागतं हे तिला नवव्या वर्षी माहीत होतं, आणि आज, एकोणसाठाव्या वर्षी, ती विसरली होती. लाकडी पेटीवर उभी राहून ती पुंगळ्यांना बोटानं वंगण लावायची. जास्त नको, वडील म्हणायचे, पापणीला लागेल एवढंच. त्यांची वाक्यं अशीच असायची, मापाची. रॉकफर्ड शहरातल्या अर्ध्या बापांसारखे तेही कारखान्याच्या टूलरूममध्ये, पण ते तपासणीला, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम मापून बरोबर की चूक सांगायचं, बाकी काही बोलायचं नाही. घरीही ते तसेच. आई घर सोडून गेली त्या वर्षी घरात इतकी शांतता होती की फ्रिज चालू झाला तरी लिनेट दचकायची. आई कुठे गेली हे वडिलांनी सांगितलं नाही. गुनहिल्ड आत्या एकदा स्वयंपाकघरात कुणाला तरी म्हणाली होती, बाईला बंदुकांचा आवाज सोसत नव्हता, पश्चिमेला गेली. तेवढ्या वाक्यावर लिनेटनं पन्नास वर्षं काढली. ती वडिलांबरोबर क्लबात जायला लागली तेव्हा आपण एक बाजू घेतोय हे तिला कळत होतं.

अडकलेली पुंगळी काढायला तिनं ओडेलला गाठलं. ओडेल प्रुएट शहर बससेवेत मेकॅनिक होता, आता निवृत्त, आणि क्लबात तिच्या शेजारी उभा राहून नेम धरायचा. त्यानं डाय लोखंडी शेगड्यात आवळून पकडली, पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट घातला आणि सावकाश पिळत आणला.

"दाढ काढायची तर अशी," तो म्हणाला. "तुमच्याकडे दुखतं तरी. इथे बघ, हूं की चूं नाही."

"आमच्याकडे आधी सुई देतात."

"सुई देऊन बिल पण देतात." बोल्ट सुटला, पुंगळी बाहेर आली. ओडेलनं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "वंगण विसरलीस ना? सांगणार नाही कुणाला. फक्त मंगळवारी सगळे असतील तेव्हा सांगीन."

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. घरी येऊन तिनं वंगण लावून पुंगळ्या आवळल्या, तर त्या फारच सहज आत गेल्या. लोण्यात सुरी जावी तशा. आणि त्यांत गोळी ठेवली तर ती बोटानं दाबताच आत घसरली. हे बरं नव्हतं. गोळी सैल राहिली तर बारावेळी दाब कसा चढेल याचा भरवसा नाही. तिनं एकेक शक्यता तपासली. डाय वर राहिली असेल, म्हणून ती बुडापर्यंत खाली आणली. फरक नाही. पितळ पातळ असेल, म्हणून दुसऱ्या बनावटीच्या पुंगळ्या घेतल्या. फरक नाही. पुंगळीचं तोंड उघडणारी दुसरी डाय जाड असेल, म्हणून ती वगळूनच पाहिली. गोळी तरी घसरलीच. शेवटी ओडेलची डाय मागून आणली आणि दोन्हीतून निघालेल्या पुंगळ्या वडिलांच्या मायक्रोमीटरनं मापल्या. जुनी डाय दोन थाऊ मोठी होती. इंचाच्या हजाराव्या भागाला टूलरूममध्ये थाऊ म्हणत, आणि वडिलांच्या घरात ते वयापेक्षा, उंचीपेक्षा आधी शिकवलं जायचं.

"झिजली असेल," ओडेल फोनवर म्हणाला. "टाकून दे. जुन्या गोष्टी सैल होतात. माझ्याकडे बघ."

पण झिजली नव्हती. झीज तोंडाशी जास्त असते, आत कमी, आणि ती कधीच सारखी नसते. लिनेटनं ती भिंगातून पाहिली, विजेरीच्या उजेडात फिरवली. आत आरशासारखी गुळगुळीत, तोंडापासून तळापर्यंत एकाच मापाची, गोल. असा गोल झिजून येत नाही, कुणीतरी करावा लागतो. बारीक पूड लावून, तासन् तास, दर थोड्या वेळानं थांबून मापत. असा हात तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. मग तिला डब्यातल्या गोळ्या आठवल्या. त्यांतली एक मापली, तर तीही नेहमीपेक्षा दोन थाऊ जाड. जुन्या डायमधून निघालेल्या पुंगळीत तिनं ती बसवली आणि ती अशी बसली की हातानं हलेना. आपल्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये ते काडतूस टाकून पाहिलं, दारू न घातलेलं, नुसतं मापाचं. ते अर्ध्यावर अडलं. वडिलांच्या रिव्हॉल्व्हरमध्येही अडलं. ती स्टुलावर बसून राहिली. वरच्या मजल्यावर धुण्याचं मशीन थांबल्याची घंटी वाजली, ती उठली नाही. बिघडलेली डाय सापडली असती तर तिनं ती कचऱ्यात टाकली असती. ही बिघडलेली नव्हतीच. ती अगदी बरोबर होती, फक्त या घरात नसलेल्या एका रिव्हॉल्व्हरसाठी.

वडील वृद्धाश्रमाच्या काचेच्या खोलीत उन्हाला बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, पाठ सरळ. तिनं डाय त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पाहिली नाही. करंगळी आत घातली, फिरवली.

"वंगण कमी पडलं होतं," ते म्हणाले.

"हो. एक अडकली. डॅड, ही मोठी कशी झाली?"

"झाली नाही. केली."

"किती?"

"दोन थाऊ. तू मापली असशील."

"मापली. कशासाठी केलीत?"

त्यांनी करंगळी बाहेर काढली, रुमालाला पुसली. "तिच्या रिव्हॉल्व्हरची काडतूस बसायची घरं सैल आहेत. कारखान्यातूनच तसं आलं. नेहमीच्या डायमध्ये पितळ फार आवळलं जातं, तिथे जाऊन पुन्हा फुगतं, चार-पाच वेळांत चिरतं. म्हणून कमी आवळायचं आणि गोळी जाड घालायची."

"कुणाच्या रिव्हॉल्व्हरची?"

"कॉनीच्या."

कॉन्चेटा हे आईचं कागदावरचं नाव. कॉनी हे नाव घरातलं, आणि पन्नास वर्षांत लिनेटनं ते वडिलांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण तिचं मन नावापाशी थांबलं नाही. ते मागे, त्या 'आहेत'पाशी गेलं. घरं सैल होती, असं नाही. आहेत. म्हातारी माणसं काळ चुकवतात हे तिला ठाऊक होतं. पलीकडच्या खोलीतल्या बाई रोज वारलेल्या नवऱ्यासाठी ताट वाढायला सांगत. पण वडिलांनी अजून कशाचंही माप चुकवलं नव्हतं. औषधांच्या गोळ्या चुकल्या की तेच नर्सला सांगायचे. आणि तिला कळेना की आपल्याला जास्त नवल कशाचं वाटतंय. आई आहे याचं, की आवाज न सोसणाऱ्या आईजवळ रिव्हॉल्व्हर आहे याचं.

"ती नेम धरायची?"

"माझ्यापेक्षा चांगला. अजून धरते. आता दोन्ही हातांनी." त्यांनी डाय तिच्या हातात परत दिली. "आज तारीख काय?" तिनं सांगितली. "मग तिचे काडतुसांचे डबे संपले असतील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीच नेत होतो. पहिल्या शनिवारी. रिकामे आणायचे, भरलेले द्यायचे. गाडीचं लायसन्स गेलं तेव्हा पुरवून वापर म्हणालो होतो."

"कुठे नेत होतात?"

"फ्रीपोर्टला."

सत्तावीस मैल, पश्चिमेलाच. फ्रीपोर्टला ती किती वेळा गेली होती. दवाखान्यातल्या एका मुलीच्या लग्नाला, मक्याची कणसं घ्यायला, एकदा नुसतीच, हिंडायला. पहिल्या शनिवारी वडील लाकडाच्या वखारीत जातात असं ती समजत होती. कधी लाकूड घेऊन आलेले दिसले नाहीत, हे तिनं पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस." त्यात राग नव्हता. मायक्रोमीटरवरचा आकडा वाचावा तसं त्यांनी ते वाचलं. "मी वाट पाहिली. पहिली दोन वर्षं रोज. मग मला वाटलं, तुला नको असेल."

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही. ती शाळेत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी होती. एका रेघेसाठी तिनं आठवडा घालवला होता, पुंगळी फिरव, डाय फिरव, सळई घाल. सगळं विचारलं, हे एक सोडून. का? तिला उत्तर हवं होतं, आणि ते अपराधी वाटून घेण्यासाठी नव्हे, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं की नऊ वर्षांच्या एका मुलीनं हा एवढाच प्रश्न उचलून बाजूला कसा ठेवला. वडिलांचं तोंड पाहून? की वडील आपणहून सांगतील, आपण विचारलं तर ते कोलमडतील, असं काही वाटून? ती मुलगी तिकडे वाट बघत होती, वडील इकडे वाट बघत होते, आणि मध्ये फ्रिज चालू होत होता, बंद होत होता. तिला त्या मुलीची कीव आली नाही. कुतूहल वाटलं, जसं एखाद्या अनोळखी पेशंटचा जबडा पहिल्यांदा उघडताना वाटतं.

फोन तिनं रविवारी केला. नंबर वडिलांना पाठ होता.

"मी व्हर्नर एकब्लाडकडून बोलतेय," ती वडिलांचं नाव घेऊन म्हणाली. "तुमचे डबे आणायचे होते."

तिकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला. "तो बरा आहे ना?"

"बरे आहेत. गाडी चालवत नाहीत."

"शनिवारी या. दहानंतर. घंटी बिघडलीय, दार वाजवा." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "गोळ्या जाडच घातल्यात ना?"

"जाडच," लिनेट म्हणाली.

पन्नास काडतुसं तिनं तीन संध्याकाळी लावून भरली. वंगण पापणीला लागेल एवढंच. प्रत्येक पुंगळी मापली. कुणासाठी इतकं नीट तिनं कधी काही केलं नव्हतं, आणि ज्या बाईसाठी करतेय तिच्याबद्दल आपल्याला नक्की काय वाटतं हे तिला सांगता आलं नसतं. राग शोधून पाहिला, तो होता, पण जुन्या कोटाच्या खिशातल्या चिठ्ठीसारखा, कशाबद्दल ते धड वाचता येत नव्हतं.

दार उघडणारी बाई तिच्या खांद्याएवढी होती. पांढरे केस कापलेले, मनगटाला पट्टा. तिनं लिनेटच्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग परत तोंडाकडे, आणि दार पूर्ण उघडलं. स्वयंपाकघरात टेबलावर बडीशेपेची बिस्किटं मांडलेली होती, दोन कप, म्हणजे जो कुणी येईल त्याच्यासाठी, असं लिनेटला वाटलं. कॉनीनं कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं, सिलिंडर बाहेर काढून रिकामा असल्याचं आधी लिनेटला दाखवलं, मग फ्रेमवरून सुटा करून टेबलावर उभा ठेवला आणि एकेक काडतूस त्याच्या घरांत टाकून पाहू लागली. काडतूस आपल्या वजनानं खाली जाई आणि टक् असा बारीक आवाज येई. सहा झाली की ओतून पुढची सहा. लिनेट ऐकत बसली. पन्नास आवाज व्हायला बराच वेळ लागला आणि दोघींनाही तो हवाच होता.

"व्हर्नर पंचेचाळिसाव्याला कंटाळायचा," कॉनी म्हणाली. "शेवटची पाच नेहमी थोडी लांब असायची. तुझी सगळी सारखी आहेत."

"तुम्ही ओळखलंत."

"फोनवरच. त्याच्याकडून कोण बोलणार दुसरं?" तिनं कॉफी ओतली. पट्ट्याच्या हातानं किटली जड जात होती, लिनेट उठली, आणि कॉनीनं मान हलवली म्हणून परत बसली. "मी दर महिन्याला विचारायचे त्याला. ती माझ्याबद्दल काही विचारते का? तो म्हणायचा, नाही. त्याला खोटं बोलता येत नाही. मला पुष्कळदा वाटायचं, खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं."

"तुम्ही का गेलात?"

इतकं सोपं होतं ते. तीन शब्द. कॉनीनं किटली खाली ठेवली. "त्या घरात सगळं मापलं जायचं आणि विचारलं काहीच जायचं नाही. मी एकदा आठ दिवस बोलले नाही. मुद्दाम, बघू या म्हणून. त्याच्या लक्षात आलं होतं. दिवस मोजत होता तो, नंतर त्यानंच सांगितलं. पण विचारलं नाही." ती जरा हसली. "वाईट माणूस नाही तो. डाय बघ त्याची. पण मला तिथे श्वास पुरेना. गेले. आणि मी परत आले होते, ते तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मंगळवारी गेले. बुधवारी दुपारी आले, तुला न्यायला. तू मागच्या पायरीवर बसली होतीस. मी गाडीतून उतरले नाही, उतरले असते तर थांबले असते. काच खाली केली आणि विचारलं, येतेस का? तू म्हणालीस, नाही, डॅड येतील आता, आम्हाला पुंगळ्या निवडायच्यात."

लिनेटनं आत शोधलं. पायरी सापडली. तिचा उडालेला करडा रंग, फटीतल्या मुंग्या, पाठीला टोचणारी दाराची जाळी. गाडी सापडली नाही. काच, आवाज, काहीच नाही. एवढी मोठी गोष्ट तिच्याकडून झाली होती आणि तिच्याजवळ तिचा मागमूस नव्हता.

"मला वाटलं असेल दुकानात निघालात."

"असेलही. कुठे ते मी सांगितलं नाही. तू विचारशील असं वाटलं. तेव्हा तू सगळं विचारायचीस." कॉनीनं बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. "दोष तुझा नाही. प्रश्नच मी अर्धा विचारला."

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. लिनेटनं बिस्किट घेतलं, मोडलं, खाल्लं नाही.

"मी काय घातलं होतं?" तिनं विचारलं.

कॉनीला आठवावं लागलं नाही. "व्हर्नरचा टूलरूमचा ॲप्रन. दोनदा दुमडून बांधलेला. एका पायात बूट."

"आणि दुसरा?"

"दुसरा मांडीवर होता. त्यात तू पुंगळ्या भरून ठेवल्या होत्यास, काठोकाठ. मी बोलत होते तेव्हासुद्धा तुझा हात त्यावर होता, सांडू नयेत म्हणून."

"मग तू काय केलंस?" लिनेट म्हणाली, आणि आपण तू म्हणालो हे तिला म्हटल्यावर कळलं.

"काच वर केली. जून होता, आत भट्टी झाली होती. पण फ्रीपोर्ट येईपर्यंत मी ती परत खाली केली नाही."

लिनेटनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. "कोणत्या रस्त्यानं गेलीस?" तिनं विचारलं.